बंगईच्या फळीचा वळणदार सांधा

यावल तालुक्यातील आमच्या जुन्या घराच्या ओसरीत आजोबांच्या काळापासून एक सागवानी बंगई टांगलेली आहे. इतरत्र जिला झोपाळा म्हणतात तिला आमच्याकडे बंगई म्हणतात, आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींचा तिच्यावर पहिला हक्क असतो. मागच्या पावसाळ्यानंतर साफसफाई करताना तिच्या फळीची भिंतीकडची कड वाळवीने आतून पोखरल्याचे माझ्या लक्षात आले. फळी १५०० मि.मी. लांब, ५५० मि.मी. रुंद आणि ३२ मि.मी. जाड आहे. पटाशीच्या टोकाने टोचत टोचत निरोगी लाकडाची हद्द आखली, तेव्हा ती सरळ निघाली नाही. बहुतेक लांबीत वाळवी ६० ते १०० मि.मी. आत गेली होती आणि डाव्या कडीजवळ मात्र तिने २०० मि.मी.पर्यंत खळगा केला होता. सरळ करवत चालवली असती, तर त्या एका खळग्यापायी अख्ख्या लांबीतील चांगला साग टाकून द्यावा लागला असता, आणि तसा जुना, संथ वाढलेला, घट्ट रेषांचा साग आता वखारीत मिळत नाही. म्हणून निरोगी लाकडाच्या हद्दीला धरून वळणावळणाने कापायचे आणि त्याच वळणाची शिसमाची नवी फळी तिला जोडायची, असे मी ठरवले.

सुतारकाम हा माझा व्यवसाय नाही, परंतु गेली काही वर्षे मी ते निष्ठेने शिकत आलो आहे. माझ्याकडे अर्ध्या इंचाच्या कॉलेटचा एक राउटर, जिगसॉ आणि हाताची नेहमीची हत्यारे आहेत. राउटर म्हणजे बिट नावाचे पाते वेगाने फिरवून लाकूड कोरणारे विजेचे हत्यार, आणि कॉलेट म्हणजे त्यातील बिटचा दांडा आवळणारी पकड. वळणदार सांधा राउटरने करायचा, तर ज्याच्या कडेवरून बेअरिंग फिरवायचे तो फर्मा, म्हणजे त्या आकाराचा साचा, आधी लागतो. बिटवरील बेअरिंग फर्म्याच्या कडेवर टेकून फिरते आणि कटर लाकूड कापतो. बेअरिंगचा बाहेरचा व्यास कटरच्या व्यासाइतका असेल, तर लाकूड फर्म्याच्या बरोबरीने कापले जाते. बेअरिंग मोठे असेल, तर दोन्ही व्यासांतील फरकाच्या निम्मे लाकूड फर्म्याच्या बाहेर शिल्लक राहते, आणि लहान असेल, तर कटर तितकाच आत शिरतो. एवढे ज्ञान मला होते आणि ते पुरेसे आहे, असा माझा समज होता.

पहिला प्रयोग मी लाकडावर न करता एमडीएफवर, म्हणजे लाकडाच्या दाबलेल्या तंतूंच्या तक्त्यावर, केला, हे चांगले झाले. १८ मि.मी. एमडीएफवर सागाची पातळ लवचिक पट्टी खिळ्यांना टेकवून वळण आखले, जिगसॉने कापले आणि कानस व पॉलिश पेपरने कड गुळगुळीत केली. हा मूळ फर्मा. तो दुसऱ्या एमडीएफवर ठेवून १२.७ मि.मी. व्यासाच्या, तेवढ्याच व्यासाचे बेअरिंग असलेल्या बिटने आरपार चर मारला. त्या चराने तक्त्याचे दोन तुकडे झाले. एकाच चराच्या दोन कडा एकमेकींत बसणारच, असे मी गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तुकडे एकमेकांकडे सरकवल्यावर ते वळणाच्या माथ्यांवर टेकले आणि उतारांवर मात्र फटी राहिल्या. सौम्य वळणांवर फट एका मिलिमीटरच्या आसपास होती, तर डाव्या टोकाच्या खळग्यापाशी तिच्यातून पेन्सिल सहज आरपार जात होती.

त्या दिवशी मी तापीकाठी गेलो होतो. नदी वळते तिथे बाहेरचा काठ मोठा वळसा घेतो आणि आतला काठ लहान वळसा घेतो, आणि मधले पाणी काढून टाकले तरी ते दोन काठ एकमेकांना भिडणार नाहीत. राउटरच्या चराचेही तेच आहे. एका कडेच्या वळणाची त्रिज्या ५०० मि.मी. असेल, तर १२.७ मि.मी. रुंद चराच्या पलीकडच्या कडेची त्रिज्या ५१२.७ मि.मी. होते. घरी येऊन मी हिशेब मांडला. तुकडे सरळ एकमेकांकडे सरकवले असता जिथे कड सरकण्याच्या दिशेला काटकोनात आहे तिथे संपूर्ण चर मिटतो, परंतु जिथे कड ६० अंशांनी कललेली आहे तिथे तो निम्माच मिटतो आणि बिटच्या व्यासाच्या निम्मी, म्हणजे ६ मि.मी.हून अधिक, फट उरते. माझ्या खळग्याची भिंत साधारण तेवढीच कललेली होती. गावातील जुन्या मिस्त्रींना मी हे सांगितले, तेव्हा त्यांना आकडेमोडीची गरज भासली नाही. त्यांनी आयुष्यभर बैलगाडीची चाके केली आहेत आणि चाकाच्या घेराचे बाकदार तुकडे एकमेकांना बसवण्यात त्यांचा हात मुरलेला आहे. ते म्हणाले, “दादा, हत्यार मधलं जेवढं लाकूड खातं, तेवढं वळण बदलतं. ते खाल्लेलं लाकूड परत द्यायची सोय करा.”

खाल्लेले लाकूड परत देण्याची सोय म्हणजे मोठे बेअरिंग. पहिल्या चराची पलीकडची कड मूळ रेषेपासून बिटच्या व्यासाइतकी दूर जाते. त्या पलीकडच्या तुकड्याला तात्पुरता फर्मा मानून, त्याच्या कडेवरून कटरपेक्षा बरेच मोठे बेअरिंग फिरवले, तर खालचा नवा तक्ता तात्पुरत्या फर्म्याच्या बाहेर शिल्लक राहतो. तो नेमका पहिल्या बिटच्या व्यासाइतका बाहेर राहिला, तर त्याची कड पुन्हा मूळ रेषेवर येते आणि मूळ फर्म्याचा खरा जोडीदार तयार होतो. याचा अर्थ असा, की दुसऱ्या टप्प्यातील बेअरिंग आणि कटर यांच्या व्यासांतील फरक पहिल्या बिटच्या व्यासाच्या दुप्पट असला पाहिजे. पहिला बिट १२ मि.मी.चा असेल, तर फरक २४ मि.मी.चा हवा, म्हणजे ६ मि.मी. कटरला ३० मि.मी.चे बेअरिंग लागते. पहिला बिट १२.७ मि.मी.चा, म्हणजे अर्ध्या इंचाचा असेल, तर पाव इंची कटरला ३१.७५ मि.मी.चे, म्हणजे सव्वा इंचाचे बेअरिंग लागते. संपूर्ण काम या एका नात्यावर उभे आहे आणि यात इंच व मिलिमीटर यांची सरमिसळ चालत नाही.

मी मात्र ती सरमिसळच केली. माझ्या राउटरबरोबर ३० मि.मी. बाह्य व्यासाची गाइड बुश, म्हणजे राउटरच्या तळाला बसणारी आणि फर्म्याच्या कडेला टेकून सरकणारी कडी, आली होती आणि ६ मि.मी.चा सरळ बिटही घरात होता, त्यामुळे दुसरा टप्पा बेअरिंगशिवाय, बुशच्या आधारे उरकता येईल असे वाटले. पहिला चर मात्र १२.७ मि.मी.चा होता. बुश आणि बिट यांनी १२ मि.मी. परत दिले आणि ०.७ मि.मी. वाटेतच राहिले. सौम्य वळणांवर हा फरक जाणवला नाही, कारण तिथे तो एका मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी उरतो. खळग्याच्या भिंतीवर मात्र ०.३५ मि.मी.ची फट यायला हवी होती आणि ती आली. शिवाय एका भिंतीवर ती जास्त आणि समोरच्या भिंतीवर कमी होती, ज्याचा खुलासा ०.७ मि.मी.ने होत नव्हता. बारकाईने पाहिल्यावर कळले, की बुश कॉलेटच्या केंद्रावर नेमकी बसलेली नव्हती. राउटर हातात फिरवला, की बिट फर्म्याच्या किंचित जवळ किंवा दूर जात असे. बुश वापरणाऱ्यांनी ती शंकूने केंद्रावर बसवावी आणि राउटरची एकच बाजू सतत फर्म्याकडे ठेवावी, हे मी त्या दिवशी शिकलो. बेअरिंग बिटच्या दांड्यावरच बसत असल्याने त्याला केंद्र चुकवण्याची संधीच नसते. म्हणून पुढच्या खेपेस बेअरिंगच वापरायचे ठरवले.

आता खरेदी. जळगावच्या बाजारात राउटरचे बिट भरपूर मिळतात, पण विकणारा अर्धा इंच आणि १२ मि.मी. हे एकच असल्यासारखे बोलतो. पाव इंची दांडा आणि ६ मि.मी.चा दांडा यांचेही तसेच. पाव इंच म्हणजे ६.३५ मि.मी., आणि त्या कॉलेटमध्ये ६ मि.मी.चा दांडा आवळला तरी तो पूर्ण पकडला जात नाही. वेगात बिट सरकतो किंवा सुटून बाहेर येतो. काही जण दांड्याभोवती पत्रा गुंडाळून वेळ निभावतात. मिनिटाला वीस हजार फेरे घेणाऱ्या हत्याराबाबत हे कुणीही करू नये, असे मी कळकळीने सांगतो. ज्या मापाचा दांडा, त्याच मापाचे कॉलेट किंवा त्याच मापाची खास बनवलेली स्लीव्ह हवी. मी व्हर्निअर सोबत नेला होता आणि दुकानातच प्रत्येक बिट मोजला. एका १२ मि.मी.च्या बिटचा कटर ११.९८ आणि बेअरिंग १२.०० भरले, तो घेतला. घरातील जुन्या १२.७ मि.मी.च्या बिटला मी एकदा धार लावून आणली होती. तो मोजला, तर कटर १२.५ झाला होता आणि बेअरिंग १२.७ च होते. धार लावल्याने कटर बारीक होतो, बेअरिंग होत नाही, आणि मग प्रत्येक कापात फर्म्याच्या बाहेर दहावा भाग मिलिमीटर उरतो. साध्या कामात याने काही बिघडत नाही, जुळणाऱ्या वळणांत बिघडते.

१२ मि.मी.चा बिट घेताना आणखी एक गोष्ट पाहिली, ती म्हणजे कटरची लांबी. बेअरिंग कटरच्या वर, दांड्यावर असते, त्यामुळे कटर २५ मि.मी. लांब आणि फर्मा १२ मि.मी. जाड असेल, तर बेअरिंग फर्म्याला टेकेपर्यंत कटर खालच्या तक्त्यात खूपच खोल गेलेला असतो. चर थोडाथोडा खोल नेण्याची सोय राहत नाही आणि एका दमात पूर्ण खोलीचा चर मारावा लागतो. त्यात बिट कंप पावतो, कड जळते आणि हात बिचकतो. म्हणून मी १२ मि.मी. लांबीचाच कटर निवडला आणि फर्मा १८ मि.मी. जाड ठेवला. अशा जोडीने पहिला फेरा ४ मि.मी. खोलीचा घेतला तरी बेअरिंगला फर्म्याची कड पुरते.

३० मि.मी.चे बेअरिंग राउटर बिटच्या दुकानात मिळाले नाही. ते मिळाले शेतीपंप आणि मोटारींच्या सुट्या भागांच्या दुकानात, कारण ६२०० क्रमांकाचे बेअरिंग आतून १० मि.मी., बाहेरून ३० मि.मी. आणि जाडीला ९ मि.मी. असते आणि हे माप जगभर सारखेच असते. दुकानदारांनी विचारले, “भाऊ, कोणत्या मोटारीला लावायचं आहे?” मी काम सांगितल्यावर त्यांनी आपुलकीने तीन प्रकार समोर ठेवले. टूआरएस म्हणजे दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले, जे भुशापासून उत्तम बचाव करते, पण सील घासत असल्याने त्याची वेगमर्यादा कमी असते. झेडझेड म्हणजे पत्र्याचे झाकण असलेले, ज्यात बारीक धूळ शिरू शकते, पण ते जास्त वेगाला मोकळे फिरते. तिसरे सी-थ्री, म्हणजे आत थोडी जास्त मोकळीक असलेले. ही जास्तीची मोकळीक काही मायक्रॉनची असते आणि एमडीएफच्या कामात तिचा परिणाम शोधूनही सापडत नाही. राउटरच्या वेगाचा विचार करून मी झेडझेड घेतले. एमडीएफची धूळ वाईट असते, परंतु एका फर्म्यापुरते काम होते, आणि पंख्या-मोटारीचे बेअरिंग काही महाग नसते.

६२०० चे छिद्र १० मि.मी.चे आणि बिटचा दांडा ६ मि.मी.चा. भुसावळला माझे मामेभाऊ खरादाचे काम करतात. त्यांनी पितळेची छोटी बुश कातून दिली, बाहेरून १० आणि आतून ६ मि.मी. “बोटाने दाबून बसली पाहिजे, हातोडी लागली तर परत आण,” असे त्यांनी बजावले होते, आणि ती तशीच बसली. बिट मी अखंड कार्बाइडचा, ६० मि.मी. लांब आणि दांडा व कटर दोन्ही ६ मि.मी.चे असलेला निवडला. लांबीचा हिशेब असा केला, की कॉलेटमध्ये किमान २० मि.मी., बेअरिंगला ९, ते वर सरकू नये म्हणून बारीक स्क्रूने आवळायच्या कॉलरला ७, आणि उरलेली धार. आखूड बिट घेतला असता, तर कॉलेटमधील पकड कमी करावी लागली असती, आणि ती तडजोड करण्याजोगी नाही. दांडा कॉलेटच्या तळाला टेकवून आवळू नये, दोन-तीन मि.मी. वर उचलून आवळावा.

तिसरा प्रयोग फाल्गुनातल्या एका शांत सकाळी, वीज जाण्याची वेळ टाळून केला. खाली एक टाकाऊ तक्ता, त्यावर दुसरा तक्ता दुहेरी टेपने आणि कडेच्या स्क्रूंनी पक्का, आणि त्यावर मूळ फर्मा. चर पूर्ण होताच पलीकडचा तुकडा मोकळा होतो आणि टेप नसेल तर शेवटच्या क्षणी हलतो, म्हणून दोन्ही बाजू जखडल्या. बिट वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो. त्यामुळे राउटर पुढे ढकलताना फर्मा डाव्या हाताला ठेवला, की लाकडाचा प्रतिकारच बेअरिंगला फर्म्यावर दाबून धरतो, आणि उलट नेला तर बिट फर्म्यापासून पळतो. तीन फेऱ्यांत १२ मि.मी.चा चर आरपार झाला. मग पलीकडचा तुकडा तिसऱ्या तक्त्यावर बसवला, बिट बदलला, राउटरचा वेग कमी केला आणि त्याच्या कडेवरून ६२०० फिरवले. मोठ्या बेअरिंगची चाल फार शांत असते. कडेतील बारीकसा खड्डा ते ओलांडून जाते, परंतु उंचवटा मात्र इमानाने उतरवते, म्हणून मूळ फर्मा घासण्यात घालवलेला वेळ येथे कामी आला.

दुसऱ्या फर्म्यावरचा भुसा झटकून मी तो मूळ फर्म्याला भिडवला आणि दोन्ही बल्बसमोर धरले. खळग्याच्या एका ठिकाणी केसाएवढा उजेड दिसला, बाकी सांध्यातून काहीच दिसले नाही. उजेडाची जागा तपासली, तर मूळ फर्म्यात तिथे आतल्या बाजूचे एक वळण १० मि.मी. त्रिज्येचे झाले होते. खोलगट वळणाची त्रिज्या पहिल्या बिटच्या व्यासापेक्षा लहान असली, की पलीकडची कड गोल न राहता तिथे टोक येते, आणि मग त्या टोकावरून मोठे बेअरिंग फिरवले तरी मूळ वळण परत मिळत नाही. १२ मि.मी.च्या बिटला १२ मि.मी.पेक्षा मोठी त्रिज्या हवीच. मी ते वळण कानसीने २० मि.मी.पर्यंत मोठे केले. त्यासाठी सागाचा नखाएवढा निरोगी भाग सोडावा लागला, त्याचे मला वाईट वाटले, पण इलाज नव्हता. दोन्ही टप्पे पुन्हा केले आणि या वेळी उजेड दिसला नाही.

मोठे बेअरिंग आणि बारीक बिट यांचे काम इथेच संपले. ६ मि.मी.चा बिट ३२ मि.मी. जाड शिसमात घालणे म्हणजे तो वाकवणे किंवा मोडणे, म्हणून ज्या टप्प्यांत वळण सरकते ते सर्व एमडीएफवर उरकून प्रत्यक्ष लाकूड दोन तयार फर्म्यांवरून फक्त बरोबरीने कापायचे, ही पद्धत मला सर्वांत सुरक्षित वाटते. त्यासाठी अर्धा इंची दांड्याचा, १९ मि.मी. व्यासाचा, ३८ मि.मी. लांब कटरचा आणि वर-खाली दोन्हीकडे बेअरिंग असलेला बिट घेतला. इथे इंच आणि मिलिमीटरचा प्रश्न उरत नाही, कारण बेअरिंग व कटर समान असले की पुरते. सागात वाळूचा अंश असतो आणि तो साध्या पोलादाची धार लवकर घालवतो, म्हणून कार्बाइडच्या पात्यांशिवाय दुसरा विचार केला नाही.

दोन बेअरिंगांचा खरा उपयोग लाकडाच्या रेषांसाठी होतो. लाटेसारख्या वळणात निम्मा उतार रेषांच्या बाजूने आणि निम्मा रेषांच्या विरुद्ध जातो, आणि विरुद्ध बाजूला लाकूड उचकटते. अशा ठिकाणी फळी फर्म्यासकट उलटी करून खालच्या बेअरिंगने कापले, तर प्रत्येक उतार रेषांच्या बाजूनेच कापता येतो. साग मी असाच कापला आणि तो स्वच्छ निघाला. शिसमाच्या वेळी मी घाई केली, एक उतार न उलटता तसाच ओढला आणि बोटाएवढी ढलपी उडाली. जिगसॉने मी दोनच मि.मी. शिल्लक ठेवले होते, तेवढ्यानेही हे घडले. सुदैवाने शिसमाची फळी रुंदीला जास्तीची घेतली होती. फर्मा ५ मि.मी. आत सरकवून पुन्हा कापले, आणि नवी कडही तशीच जुळली, कारण फर्मा तोच होता.

साग आणि शिसम दोन्ही तेलकट असल्यामुळे जोडण्यापूर्वी कडा थिनरने पुसल्या आणि लगेच इपॉक्सी लावले. दोन्ही फळ्यांच्या बाहेरच्या कडा सरळ व समांतर असल्याने लांब शिकंजे नेहमीसारखेच लागले. खालच्या आडव्या पट्ट्यांचे स्क्रू लांबट छिद्रांतून घेतले, कारण आमच्याकडे वैशाखात पारा ४५ अंशांच्या वर जातो, लाकूड कोरडे पडून आकसते आणि आषाढात पुन्हा फुगते. मिस्त्री येऊन सांध्यावरून अंगठ्याचे नख फिरवून गेले. खळग्याच्या भिंतीवर ते दोनदा थांबले, पण नख कुठेही अडकले नाही.

आखाजीच्या आदल्या दिवशी कड्या अडकवल्या. आत्या आल्या, बसल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, की काळी लाट रंगवली आहे का. दोन्ही फर्मे मी जपून ठेवले आहेत. एकावर “मूळ” आणि दुसऱ्यावर “१२ वर १२, मग ३० वर ६” असे पेन्सिलने लिहून ते ओसरीतल्याच खिळ्याला टांगले आहेत.